जुन्या मोटारींच्या ऑनलाइन जाहिराती: नऊ महिन्यांच्या वापरानंतर

गेले नऊ महिने मी बेळगावात बसून जुन्या मोटारींच्या ऑनलाइन जाहिराती जवळजवळ रोज रात्री चाळल्या, त्यांतल्या अकरा गाड्या प्रत्यक्ष जाऊन पाहिल्या आणि शेवटी एक घेतली. संकेतस्थळाचे नाव मुद्दाम देत नाही. मी तीन-चार वापरली आणि सगळ्यांची तऱ्हा सारखीच निघाली. या काळात माझे एक मत मात्र पक्के झाले: विक्रेता जाणीवपूर्वक जे लिहितो त्यापेक्षा त्याच्या फोटोत नकळत जे येते, त्यावर अधिक भरवसा ठेवावा.

सर्वांत कच्ची माहिती असते ती गाडीच्या सालाची. ‘१९६८ ची पद्मिनी’ अशी जाहिरात मी किमान पाच वेळा पाहिली. कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट बनत होती आणि तिला पद्मिनी हे नाव १९७४ मध्ये मिळाले, तेव्हा अशा जाहिरातीत साल किंवा नाव यांपैकी एक चुकीचे असलेच पाहिजे. यात दर वेळी लबाडी असते असे नाही, कारण आपल्याकडे त्या घाटाच्या प्रत्येक गाडीला लोक सरसकट पद्मिनी म्हणतात. ‘१९६५ ची अँबेसेडर मार्क ४’ हे मात्र मला क्षम्य वाटत नाही. मार्क ४ बाजारात आली १९७९ मध्ये, आणि विकणाऱ्याला आपल्या गाडीबद्दल एवढेही ठाऊक नसेल तर ‘इंजिन नुकतेच बांधले आहे’ हे त्याचे दुसरे वाक्य कोणत्या आधारावर मानायचे? किलोमीटरचा आकडा तर वाचूच नये. जुन्या मीटरला पाच घरे असतात, ९९,९९९ नंतर ते पुन्हा शून्यावर येते, आणि बहुतेक गाड्यांत त्याची केबल कधीचीच तुटलेली असते.

माझे पैसे गेले ते एका जीपच्या बाबतीत. ‘दुसऱ्या महायुद्धातील १९४२ ची विलीस’ अशी जाहिरात होती. विकणारा स्वतःला जवान म्हणवत होता, बदली झाल्याने गाडी तातडीने काढायची आहे असे सांगत होता आणि गेटपाससाठी तीन हजार रुपये अनामत मागत होता. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र ज्या गावात आहे, तिथल्या माणसाला अशा बोलण्यात काहीच खोटे वाटत नाही. मी पैसे पाठवले आणि त्यानंतर तो फोन कायमचा बंद झाला. दुसऱ्या दिवशी तोच फोटो मोठा करून पाहिला, तेव्हा पुढच्या जाळीत उभ्या खाचा सातच भरल्या. युद्धकाळातील विलीसच्या पत्र्याच्या जाळीला नऊ खाचा असतात, दिवे जाळीच्या आत दबलेले असतात आणि मागे उघडणारे फळकूट नसते. फोटोतल्या जीपला फळकूट होते आणि बॉनेटही उंच होते, म्हणजे ती महिंद्राने पुढे बनवलेल्या सीजे ३बी जातीची होती. पैसे पाठवण्यापूर्वी खाचा मोजायला अर्धा मिनिट पुरला असता.

गंजाबाबत मी फोटोतली जमीन आधी पाहतो. टायरभोवती गवत वाढलेले असेल तर ‘रोज वापरातली’ या शब्दांना अर्थ उरत नाही. गाडी धुऊन ओली असतानाच सगळे फोटो काढलेले असतील तर मी सावध होतो, कारण ओल्या रंगावर लांबीच्या, म्हणजे पत्र्याचे खड्डे बुजवणाऱ्या पुटीच्या, लाटा दिसत नाहीत. खानापूरच्या एका अँबेसेडरचे फोटो असेच चकचकीत होते. उद्यमबागेतल्या माझ्या ओळखीच्या मिस्त्रींनी खिशातून फडक्यात गुंडाळलेला लोहचुंबक काढला आणि मागच्या दाराखालच्या पट्टीवर टेकवला. तो चिकटलाच नाही, घसरून खाली मातीत पडला. वीतभर अंतरापर्यंत तिथे पत्रा उरलाच नव्हता, नुसती लांबी होती. मिस्त्री काही बोलले नाहीत. चुंबक पुसून खिशात टाकला आणि चहाचे विचारले.

सीमाभागातल्या माणसाला या संकेतस्थळांचा एक खास त्रास आहे. शोध राज्यावर बेतलेला असल्याने कर्नाटक निवडले की पाचशे किलोमीटरवरच्या बेंगळूरच्या गाड्या आधी दिसतात, तर दोन-तीन तासांच्या अंतरावरच्या कोल्हापूर आणि पणजीच्या गाड्यांसाठी वेगळा शोध घ्यावा लागतो. तिथली गाडी आणायची तर ना-हरकत दाखला, इथला कर आणि नवीन नंबर हे सगळे ओघाने येते, आणि जाहिरातीतल्या ‘पेपर क्लिअर’ या दोन शब्दांत यातले काहीही सांगितलेले नसते. हाताने लिहिलेले जुने आरसी बुक पुष्कळदा परिवहन पोर्टलवर चढवलेलेच नसते. नंबर टाकून माहिती मिळाली नाही तर ती नोंद आधी विक्रेत्याने आरटीओतून करून घ्यावी, मगच किमतीचे बोलावे.

‘बेळगावची १९५४ ची’ म्हणून कोणी गाडी दाखवली तर आणखी एक गोष्ट पाहावी. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत बेळगाव मुंबई राज्यात होते, मग म्हैसूर राज्यात गेले, त्यामुळे पाटीवर म्हैसूरची एमवाय मालिका असल्यास मधल्या फेरनोंदणीचा कागद मागणे योग्य ठरेल. ‘व्हिंटेज’ हा शब्दही पारखून घ्यावा. २०२१ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे त्यासाठी गाडी पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ स्वरूपातली असावी लागते. तशी नोंदणी घेतली तर व्हीए अक्षरांचा नंबर मिळतो, पण ती गाडी प्रदर्शन, रॅली, देखभाल अशा कारणांपुरतीच रस्त्यावर आणता येते, भाजी आणायला नेता येत नाही.

मी घेतलेली १९७८ ची पद्मिनी निपाणीजवळची आहे. तिच्या जाहिरातीत तीनच धूसर फोटो होते आणि खाली कन्नडमध्ये ‘गाडी चलो ऐती’ (गाडी चांगली आहे) एवढे लिहून पुढे डाव्या दाराचा पत्रा गेला आहे, रेडिएटर गळतो, हेही नोंदवलेले होते. त्यातला एक फोटो तर थेट त्या दाराचाच होता. नऊ महिन्यांत स्वतःच्या गाडीचा दोष सांगणारी ही दुसरीच जाहिरात मला भेटली. किंमत फारशी उतरली नाही, पण जाऊन पाहिले तेव्हा लिहिल्यापेक्षा एकही दोष जास्त निघाला नाही. रेडिएटर आता दुरुस्त झाला आहे, दाराचे काम चालू आहे.

गेल्या आठवड्यात सवयीने जाहिराती चाळत असताना तीच गाडी पुन्हा दिसली. गाव दुसरे, किंमत दीडपट, साल १९६५ आणि पाटीवरचा नंबर पुसलेला. मागे तंबाखूच्या वखारीचा दरवाजा आणि भिंतीला टेकवलेली पोती मात्र तशीच होती. संकेतस्थळाकडे दोनदा तक्रार केली. उत्तर आलेले नाही आणि जाहिरात अजून चालू आहे.