लेकीचं ऑपरेशन आणि गंगापूर रोडचा दवाखाना

माझी मुलगी १६ वर्षांची, अडथळ्यांची शर्यत पळते. ऑगस्टमध्ये नाशिकला हिरावाडीच्या क्रीडा संकुलात सरावाला गेली होती. अडथळ्यावरून पुढचा पाय टाकला आणि तिथेच खाली बसली. बुडाखाली कट्ट आवाज झाला म्हणाली. घराजवळच्या एका डॉक्टरांनी हात लावून सांगितलं, स्नायू लचकलाय, शेका आणि चोळा. दहा दिवस मीच तेल लावून चोळत होते. आठवलं की अजून पोटात कालवतं.

मग तिच्या सरांनी या दवाखान्याचं नाव सुचवलं. इथल्या डॉक्टरांनी तिला पालथं झोपवून गुडघा वाकवायला लावला, ताकद पाहिली आणि लगेच एक्स-रे, एमआरआय काढायला सांगितला. मांडीमागचे स्नायू आपण ज्या हाडावर बसतो त्या हाडाला धरून असतात. जोराचा ताण बसला की मोठ्या माणसाचा कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी, हाडापासून सुटतो. वाढीच्या वयात हाड पुरतं जुळलेलं नसतं, म्हणून बऱ्याचदा कंडरा शाबूत राहतो आणि हाडाचा तुकडाच उचकटून येतो. हिचा अडीच सेंटिमीटर खाली ओढला गेला होता. डॉक्टर म्हणाले, "ताई, तुकडा जागेवर असता तर कुबड्या देऊन वाट पाहिली असती. एवढ्या अंतरावर तो नीट जुळेल याचा भरवसा नाही." शेजारून सायटिक नस जाते, तिला इजा होऊ शकते, हेही सही घेण्याआधी सांगितलं. तिथे माझा विश्वास बसला. कुल्ल्याखालच्या घडीत चीर घेऊन तुकडा स्क्रूने बसवला; व्रण सहसा दिसतही नाही.

खरं कौतुक फिजिओथेरपीच्या मुलीचं. घरी सोडण्याआधी तिने विचारलं, "काकू, घरी संडास कसला आहे?" आमच्याकडे उकिडवं बसायचा. तिने कमोडची खुर्ची आणायला लावली आणि पाटावर, मांडी घालून, उकिडवं बसणं बंद केलं. सहा आठवडे कुबड्या, आणि गुडघा ताठ ठेवून पुढे वाकायचं नाही म्हणजे नाही. चपलेचा पट्टासुद्धा मीच लावायची.

तक्रारीही आहेत. घरी सोडायच्या दिवशी विम्याच्या कागदांसाठी सहा तास बसवून ठेवलं, आणि ज्या पोरीला बसताच येत नाही तिला भिंतीला टेकून उभं राहावं लागलं. फिजिओथेरपी दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट दोनदा बंद होती. कुबड्या घेऊन जिना चढताना मी मागे हात धरून होते.

आता पाचवा महिना. सकाळी हळूहळू पळते. अडथळे अजून नाहीत. दुखऱ्या पायाची ताकद दुसऱ्याच्या बरोबरीला आल्याशिवाय सोडणार नाही म्हणतात. ती चिडते, रडते. मी मात्र त्या फिजिओच्याच बाजूची.