फुटबॉलचे मैदान की कबड्डीचा हॉल? विद्यार्थ्यासाठी टेलिफोटो लेन्सची निवड

महाविद्यालयीन स्पर्धांची छायाचित्रे काढू पाहणारा गोव्यातील विद्यार्थी बहुधा कॅनन १५००डी किंवा त्याच पठडीतला कॅमेरा घेऊन मैदानावर जातो. पहिल्याच सामन्यात त्याला कळते, की कॅमेऱ्यासोबत आलेल्या १८-५५ लेन्समधून पलीकडचा गोलरक्षक मुंगीएवढा दिसतो. मग दुकानात त्याचा पहिला प्रश्न असतो, ‘किती मिलिमीटरची घेऊ?’ (हा आकडा जितका मोठा, तितके दूरचे जवळ दिसते; अशा लेन्सला टेलिफोटो म्हणतात.) माझ्या मते त्याआधी सामने कोठे होतात आणि किती वाजता सुरू होतात, हे पाहायला हवे, कारण दुपारच्या उन्हात पैसा वसूल करणारी लेन्स संध्याकाळी हॉलमध्ये जवळजवळ निरुपयोगी ठरू शकते.

आवाक्यातला पहिला पर्याय म्हणजे कॅननची ५५-२५० मिमी एफ/४-५.६ आयएस एसटीएम (एफपुढचा आकडा जितका लहान, तितका उजेड जास्त; आयएस म्हणजे स्थिरीकरण आणि एसटीएम ही फोकसची मोटर). वजन अवघे ३७५ ग्रॅम असल्याने म्हापशाहून मडगावपर्यंत कदंबा बसच्या गर्दीत उभ्याने जातानाही ती जड होत नाही. १५००डीचा सेन्सर, म्हणजे चित्र टिपणारा भाग, लहान असल्यामुळे २५० मिमीला तिची चौकट मोठ्या सेन्सरच्या, म्हणजे फुल-फ्रेम, कॅमेऱ्यावरील ४०० मिमीच्या लेन्सएवढी अरुंद असते. हिशेब करून पाहिल्यास, ३० मीटरवरचा खेळाडू आडव्या चौकटीत डोक्यापासून बुटापर्यंत जेमतेम मावतो. मात्र ६८ मीटर रुंदीच्या मैदानात समोरच्या कडेचा खेळाडू चौकटीच्या निम्म्या उंचीचाही भरत नाही. म्हणून गोलपोस्टच्या मागे कोपऱ्यात बसावे आणि खेळ आपल्याकडे येऊ द्यावा.

तिची खरी अडचण उजेडाची आहे. २५० मिमीला अ‍ॅपर्चर एफ/५.६ च्या पुढे उघडत नाही, म्हणजे उजेड आत सोडणारे लेन्सचे छिद्र त्याहून मोठे होत नाही. फुटबॉलमध्ये पाय आणि चेंडू थिजवायला शटर निदान १/८०० सेकंद ठेवावे लागते. डिसेंबरात आपल्याकडे सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, म्हणजे चार-साडेचारला सुरू झालेल्या सामन्याच्या उत्तरार्धात आयएसओ (सेन्सरची उजेडाबाबतची संवेदनशीलता) भराभर चढू लागतो, आणि १५००डीची नेहमीची मर्यादा ६४०० पर्यंतच आहे. लेन्समधील स्थिरीकरण येथे कामाला येत नाही. ते आपला हात सावरते, धावणाऱ्या खेळाडूला थांबवत नाही.

दुसरा पर्याय, कॅननचीच वापरलेली ७०-२०० मिमी एफ/४ एल (एल ही कॅननची व्यावसायिक मालिका). १९९९ पासूनची ही लेन्स ७०५ ग्रॅमची आहे, झूम करताना तिची लांबी बदलत नाही आणि तिचा फोकस ५५-२५० पेक्षा चपळ आहे. तिच्या पांढऱ्या रंगामुळे लोक वृत्तपत्राचा छायाचित्रकार समजून वाट करून देतात, हा फायदा माहितीपत्रकात लिहिलेला नसतो. चित्राची धार आणि बांधणी उत्तम असली, तरी २०० मिमीला एफ/५.६ च्या तुलनेत दुप्पटच उजेड मिळतो आणि ५० मिमीची पोहोच गमवावी लागते. ज्याचे सर्व सामने दिवसा आणि उघड्यावर आहेत, त्याने ५५-२५० वरून हिच्याकडे वळण्याची घाई करू नये. ज्याचे सामने हॉलमध्ये आहेत, त्याला ही पुरणार नाही. दोन्हीकडच्या लोकांना ती मोह घालते, एवढे मात्र खरे.

हॉलचा विषय थोडा सविस्तर पाहिला पाहिजे, कारण नवखे सर्वाधिक येथेच फसतात. फातोर्ड्याच्या नेहरू स्टेडियमवर २०१७ मध्ये १७ वर्षांखालील फुटबॉल विश्वचषकाचे सामने झाले. तेथील प्रखर दिव्यांवरून शाळेच्या किंवा पंचायतीच्या हॉलचा अंदाज बांधू नये. समजा, एखाद्या हॉलमध्ये १/५०० शटर आणि एफ/२.८ ला आयएसओ ३२०० लागतो. त्याच जागी एफ/४ ला ६४०० लागेल, एफ/५.६ ला १२८००, आणि एफ/१.८ ला मात्र १२५० च्या आसपास भागेल. पहिल्या दोन लेन्समधली एक काठावर येते आणि दुसरी बाद होते. शिवाय आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवर कित्येक जुने दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतात, त्यामुळे लागोपाठच्या तीन चित्रांत एक उजळ, एक पिवळट आणि एक काळपट येते. त्याचे खापर लेन्सवर फोडू नये.

म्हणूनच कबड्डी, बॅडमिंटन, टेबल टेनिस टिपणाऱ्याला मी कॅननची ८५ मिमी एफ/१.८ यूएसएम (यूएसएम ही फोकसची जलद मोटर) सुचवतो. ती ४२५ ग्रॅमची आहे, झूम नाही, आणि एफ/५.६ च्या तुलनेत जवळजवळ दहापट उजेड आत घेते. कबड्डीचे मैदान १३ बाय १० मीटरचे असते, त्यामुळे रेषेबाहेर बसलेल्याला दहा मीटरवरचा चढाईपटू चौकट भरून मिळतो. त्याच्या घोट्याला पडलेली बोटे आणि मॅटवरचा घामाचा पट्टाही स्वच्छ दिसतो. एफ/१.८ ला फोकसची खोली, म्हणजे पुढे-मागे स्पष्ट दिसणारा पट्टा, मात्र फार थोडी असते. १५००डीच्या फोकसच्या नऊ बिंदूंपैकी मधलाच बिंदू वापरावा आणि काही चित्रे वाया जाणार हे धरून चालावे.

यानंतर अर्थातच ७०-२०० एफ/२.८. तिची नवी आवृत्ती लाखाच्या बरीच पुढे जाते, त्यामुळे विद्यार्थ्यासाठी विचार करावा तो १९९५ च्या, स्थिरीकरण नसलेल्या जुन्या आवृत्तीचा. संध्याकाळचे मैदान आणि बराचसा हॉल ती एकटी सांभाळते. १.४ पटीचा एक्स्टेंडर (लेन्स आणि कॅमेऱ्याच्या मध्ये बसणारी, पोहोच वाढवणारी जोडलेन्स) लावला, की तिची २८० मिमी एफ/४ होते. पण वजन १३१० ग्रॅम आहे आणि पूर्ण सामना हातात धरल्यावर मनगट बोलू लागते, तेव्हा मोनोपॉडचा, म्हणजे एकपायी आधाराचा, खर्च धरूनच हिशेब करावा. सुटे भाग मिळतील का, हेही आधी विचारून घ्यावे. १५०-६०० मिमीच्या लेन्स पक्ष्यांसाठी चांगल्या आहेत. लांबच्या टोकाला एफ/६.३ आणि दोन किलोच्या घरातले वजन असल्याने त्या येथे बाजूला ठेवतो.

निकॉनवाल्यांनी एक गोष्ट तपासावी. डी३००० आणि डी५००० मालिकांतील कॅमेऱ्यांत फोकसची मोटर नसते, त्यामुळे स्वस्तात मिळणारी जुनी ८०-२०० एफ/२.८डी त्यांच्यावर हातानेच फोकस करावी लागते. उलट, नवी एएफ-पी ७०-३०० ही डी३१००, डी३२०० सारख्या जुन्या कॅमेऱ्यांवर फोकसच करत नाही.

माझा क्रम असा आहे: दिवसाच्या फुटबॉलसाठी ५५-२५०, मग हॉलसाठी वापरलेली ८५, आणि छायाचित्रांचे पैसे मिळू लागल्यावर एफ/२.८. ज्याच्या वाट्याला केवळ हॉलमधलेच खेळ आहेत, त्याने थेट ८५ पासून सुरुवात करावी.

वापरलेली लेन्स घेताना गोव्यातल्या दमट हवेचा विचार सर्वांत आधी करावा. मी एकदा केवळ फोटो पाहून एक लेन्स मागवली. ती आल्यावर मोबाइलचा टॉर्च मागच्या बाजूने लावला, तर आतल्या काचेच्या कडेला कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी पसरलेली होती. विकणाऱ्याने ती धूळ असल्याचे सांगितले आणि पैसे परत आले नाहीत. तेव्हापासून, बेळगाव किंवा कोल्हापूर गाठावे लागले तरी, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडून आणि टॉर्च दोन्ही बाजूंनी मारून पाहिल्याशिवाय मी पैसे देत नाही. जून ते सप्टेंबर लेन्स घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसह ठेवतो, आणि पावसातल्या सामन्यावरून परतल्यावर ती पुसून, पूर्ण वाळवूनच डब्याचे झाकण लावतो.