मनपाची शाळा, संस्थेची शाळा की कॉन्व्हेंट? आधी पट विचारा

फेब्रुवारीत मावसबहिणीचा फोन आला. "दादा, पोरीला पहिलीत कुठं टाकू ते सांग. घरी रोज यावरूनच कटकट आहे." ती मानेवाड्याला राहते, तिचे यजमान, म्हणजे आमचे जावई, हिंगण्याला एमआयडीसीत आहेत. पोरगी गल्लीतल्या कॉन्व्हेंटमध्ये के.जी. टूला. बाहेरच्यांसाठी सांगतो, नागपुरात कॉन्व्हेंट म्हणायला नन्स लागत नाहीत. दोन खोल्या, भिंतीवर मिकी माऊस आणि इंग्रजी पाटी एवढ्यावर भागतं.

पर्याय चार होते. घरापासून चालत सात मिनिटांवरची मनपाची मराठी शाळा. नंदनवनकडची जुन्या संस्थेची अनुदानित शाळा. कॉन्व्हेंटवाल्यांचीच पुढची इंग्रजी शाळा. आणि आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या, लॉटरीतून एखाद्या मोठ्या खासगी शाळेत २५ टक्क्यांतली राखीव, बिनफीची जागा. जावयांचं मत आधीच ठरलेलं: "मनपाच्या शाळेत आता राहिलं कोण?"

हे वाक्य नागपुरातल्या बहुतेक घरांत ऐकू येतं, आणि ते अगदीच खोटं नाही. महाल, इतवारीसारख्या जुन्या वस्त्यांतून लोक बेसा, हुडकेश्वर, वाठोड्याकडे सरकले. शाळांच्या इमारती होत्या तिथंच राहिल्या. मुलंच कमी जन्मतात हेही आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्राचा एकूण जननदर १.७ आला, म्हणजे दोघांच्या जागी दोनही नाहीत. पण माझ्या मते खरी गळती होते ती तिसऱ्या वर्षी. मनपाच्या बहुतेक मराठी शाळा पहिलीपासून सुरू होतात आणि कॉन्व्हेंट नर्सरीपासून. तीन वर्षांचं पोर एकदा टाय लावून व्हॅनमध्ये बसायला लागलं की सहाव्या वर्षी त्याला तिथून काढून मनपाच्या शाळेत आणणारे आईबाप विरळा. शेजारीपाजारी काय म्हणतील, हा धाक फीपेक्षा मोठा असतो.

मात्र शाळा रिकामी होतेय म्हणजे शिकवणं वाईट, असं थेट गणित नाही. रिकामी होण्याने नेमकं काय बिघडतं हे पाहायला आम्ही एका शनिवारी, सकाळच्या शाळेच्या वेळेला, तीन शाळा फिरलो.

मनपाच्या शाळेत पहिली ते पाचवीचा एकूण पट, म्हणजे नाव नोंदलेली मुलं, ६३. शिक्षिका तीन. चौथी-पाचवी एकाच खोलीत. फळ्याच्या मधोमध खडूची उभी रेघ, डावीकडे चौथीचा भागाकार, उजवीकडे पाचवीचे अपूर्णांक. चौथीची ८ पोरं, पाचवीची ११. मॅडम डावीकडे शिकवत होत्या तेव्हा उजवीकडच्यांनी मान खाली घालून गणितं सोडवायची. मधेच पाचवीतल्या एका पोरानं चौथीचं उत्तर सांगून टाकलं. मॅडम म्हणाल्या, "तुझं झालं का रे?" झालं नव्हतं.

शेजारच्या खोलीत पहिलीची १३ मुलं, एकटीच. तिथल्या मॅडमनी आम्ही उभे असताना प्रत्येकाकडून एकेक ओळ वाचून घेतली, बोट ठेवून. भाची न सांगता सतरंजीवर जाऊन बसली. के.जी.त तिच्या वाट्याला असं वाचणं आठवड्यातून एकदा येत असेल की नाही, बहीण म्हणाली. पण मुख्याध्यापकाचा प्रभारही याच मॅडमकडे. त्यांना झोनला बैठकीला बोलावलं की ही १३ मुलं दुसरी-तिसरीच्या खोलीत जाऊन बसतात.

म्हणून सांगतो, एका वर्गात किती मुलं हे विचारून भागत नाही. शाळेचा एकूण पट विचारा. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टाप्रमाणे पहिली ते पाचवीला ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, ६१ ते ९० ला तीन, ९१ ते १२० ला चार, त्यापुढे २०० पर्यंत पाच. म्हणजे ५५ पटाच्या शाळेत एका वर्गात अकराच मुलं दिसतील आणि आपल्याला वाटेल, वा, किती लक्ष देत असतील! प्रत्यक्षात दोन शिक्षक पाच वर्ग ओढत असतात. पट ३० सप्टेंबरचा धरतात, त्यावर संच मान्यता होते, म्हणजे शाळेला किती शिक्षक ते ठरतं. पट घसरला की एक शिक्षक अतिरिक्त ठरतो आणि समायोजनात दुसऱ्या शाळेत जातो. वर्ग तेवढेच राहतात. मग पालक म्हणतात शिकवायला कोणी नाही, आणि उरलेली मुलंही काढतात. १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयानं सहावी ते आठवीसाठी निकष आणखी कडक केले. त्यामुळे मनपाची शाळा आठवीपर्यंत आहे असं कोणी सांगितलं तर वरच्या तीन वर्गांचा पट वेगळा विचारा. तो विशीच्या आसपास असेल तर पोरीला सहावीत शाळा बदलावी लागेल हे धरूनच चाला.

कॉन्व्हेंटवाल्यांच्या शाळेत हे दुखणं नाही. पहिलीत ४४ मुलं आणि वर्गाला स्वतंत्र टीचर. फक्त ती टीचर दिवाळीपासून तिसरी होती. तुटपुंज्या पगारावर ठेवतात, बी.एड. झालं की किंवा लग्न ठरलं की त्या सोडतात. मुलांच्या वह्या स्वच्छ, तारखा टाकलेल्या, आणि फळ्यावरून जशाच्या तशा उतरवलेल्या. भाचीच्या वयाच्या एका मुलाला मी वहीतलं वाक्य वाचायला सांगितलं तर त्यानं पाठ म्हणून दाखवलं, बोट भलत्याच ओळीवर होतं. एका पोरावरून शाळा ठरवू नये हे मलाही कळतं, तरी ते बोट काही डोक्यातून जात नाही.

ऑफिसात फीचा कागद मिळाला. वर्षाची फी २६ हजार, त्यात नसलेलं बरंच: पुस्तकांचा संच शाळेतूनच, दोन गणवेश, गॅदरिंग, आणि व्हॅनचे महिन्याला १२००. बाहेर पाटीवर 'सीबीएसई पॅटर्न'. हा शब्द दिसला की थांबा. पॅटर्न म्हणजे संलग्नता नव्हे. संलग्न शाळेचं नाव सीबीएसईच्या यादीत सापडतं. राज्य मंडळाची असेल तर शासनमान्यतेचं पत्र आणि अकरा आकडी यूडायस क्रमांक, म्हणजे शाळेचा सरकारी ओळख क्रमांक, मागा. मान्यता नसलेल्या शाळेच्या दाखल्यावर पुढं प्रवेश घेताना जो मनस्ताप होतो तो आमच्या गल्लीत एकानं भोगला आहे. आणखी एक, प्रवेशासाठी मुलाची परीक्षा किंवा पालकांची मुलाखत घेणं आणि देणगी मागणं, दोन्ही कायद्यानं मना आहे. फीवाढीबद्दल तक्रार असेल तर पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीत कोण आहे ते शोधा. २०११ च्या फी नियमन कायद्यानं फी मंजूर करण्याचा अधिकार या समितीला दिला आहे. मी त्या शाळेत विचारलं तर क्लार्कनं "आहे ना समिती" म्हणून पाणी पुढं केलं.

संस्थेच्या अनुदानित शाळेबद्दल फार सांगण्यासारखं नाही, आणि हीच तिची जमेची बाजू. पहिली ते दहावी एकाच आवारात, वर्गाला एक शिक्षक, पगार सरकारचा म्हणून माणसं टिकलेली. पट इथंही उतरतोय. जिथं तीन तुकड्या होत्या तिथं आता एक आहे, आणि मे महिन्याच्या उन्हात इथलेही शिक्षक दारोदार मुलं शोधत फिरतात. पण तीनाची एक तुकडी होणं वेगळं आणि एका खोलीत दोन वर्ग बसणं वेगळं. पाचवीपासून सेमी आहे, म्हणजे गणित आणि विज्ञान इंग्रजीतून. बहिणीला इंग्रजीची जी धास्ती होती तिला मला तरी हे पुरेसं उत्तर वाटतं. मात्र सेमीला कोण शिकवतं ते नावानिशी विचारा, कारण पुस्तक इंग्रजी आणि शिकवणं सगळं मराठीत असंही असतं. शिक्षक निवृत्त होतात आणि पद वर्षानुवर्षं रिकामं राहतं, हे या शाळांचं दुखणं. नंदनवनच्या शाळेत सध्या दोन पदं रिकामी आहेत असं चपराशानंच सांगितलं.

इंग्रजीच हवी आणि पैसे नाहीत, अशांसाठी एक वाट आहे. मनपानं २०२१ पासून आकांक्षा फाउंडेशन या स्वयंसेवी संस्थेच्या साथीनं इंग्रजी माध्यमाच्या शाळा सुरू केल्या आहेत. बहिणीला लांब पडते, म्हणून आम्ही गेलो नाही. तुमच्या भागात असेल तर आधी ती पाहा, आणि थेट पहिलीत जागा मिळते का तेवढं विचारा.

आता आरटीई. फॉर्म भरायलाच हवा, त्यात नुकसान काही नाही. अनुसूचित जाती-जमाती, भटके-विमुक्त, ओबीसी यांना उत्पन्नाची अट नाही. खुल्या गटाला वर्षाला एक लाखाच्या आतला दाखला लागतो. सरकारी किंवा अनुदानित शाळा एक किलोमीटरच्या आत असेल तर खासगी शाळेला यातून सूट, असा बदल राज्य सरकारनं फेब्रुवारी २०२४ मध्ये केला होता. उच्च न्यायालयानं त्याच वर्षी जुलैत तो रद्द ठरवला, त्यामुळे खासगी शाळा पुन्हा यादीत आहेत. अल्पसंख्याक संस्थांच्या शाळा मात्र नाहीत. २०१४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं त्यांना हा कायदा लागू नाही, म्हणजे नन्सवाली खरी कॉन्व्हेंट यादीत शोधू नका.

जागा लागली तर हिशेब आठवीपर्यंतचाच धरा. नववीपासून पूर्ण फी. पोरगी चौदा वर्षांची, मैत्रिणी तिथल्याच, आणि घरात एकदम साठ-सत्तर हजारांचा प्रश्न. बहिणीनं हे ऐकलं आणि गप्प झाली.

याच वळणावर एक गोष्ट पालकांना कोणी सांगत नाही. आठवीत एनएमएमएस नावाची केंद्र सरकारची शिष्यवृत्ती परीक्षा असते. तिच्या गुणवत्ता यादीत निवड झाली की नववी ते बारावी दरवर्षी १२ हजार, चार वर्षांचे ४८ हजार. ती फक्त सरकारी, मनपा-जिल्हा परिषदेच्या आणि अनुदानित शाळांतल्या मुलांना देता येते, आईवडिलांचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असेल तर. विनाअनुदानित शाळेतलं पोर, आरटीईतून गेलेलं असलं तरी, तिला बसू शकत नाही. म्हणजे आठवीनंतर एकीकडे फी सुरू होते आणि दुसरीकडे शिष्यवृत्ती. हुशार पोरीच्या बाबतीत हा फरक मी तरी पहिल्या दिवशीच मोजला असता.

पोषण आहाराचंही तसंच. मनपा आणि अनुदानित शाळेत आठवीपर्यंत दुपारचं जेवण मिळतं, पाचवीपर्यंत ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं असं प्रमाण आहे. आम्ही पाहिलेल्या दिवशी खिचडी पातळ होती, पण गरम होती आणि मुलं दुसऱ्यांदा घ्यायला उठत होती. पाठ्यपुस्तकंही फुकट. जावयांना हे कमीपणाचं वाटतं. वाटो.

अंतराबद्दल थोडक्यात. विदर्भात शाळा उशिरा उघडतात, २०२५ मध्ये उर्वरित राज्यात १६ जूनला आणि आपल्याकडे २३ जूनला, ते उन्हामुळेच. मार्च-एप्रिलच्या दुपारी बारा पोरं कोंबलेल्या व्हॅनमध्ये पाऊण तास आणि सावलीसावलीनं सात मिनिटं चालणं, यातलं काय निवडायचं हे सहा वर्षांच्या पोरीला विचारलं तरी कळेल.

माझं मत मी बहिणीला असं सांगितलं. पट ९० च्या वर असता तर मनपाचीच शाळा, डोळे मिटून. ६१ च्या खाली जाणार असेल तर नको, मॅडम कितीही चांगल्या असोत. मधे असेल तर पहिलीला कोण शिकवतं ते पाहून. गल्लीतल्या कॉन्व्हेंटची पुढची शाळा माझ्या यादीत शेवटी. आज निर्धास्त व्हायचं असेल तर नंदनवनची अनुदानित.

अडचण अशी की ६३ च्या पटातले पाचवीचे ११ जूनमध्ये जाणार. उरतात ५२. पहिलीत नवीन ९ आले तरच तिसऱ्या मॅडम टिकतील. हे गणित त्या प्रभारी मॅडमना आमच्यापेक्षा चांगलं येत होतं. बोलता बोलता त्यांनी बहिणीचा नंबर लिहून घेतला.

आरटीईच्या लॉटरीत भाचीचं नाव वेटिंगवर लागलं, बरंच खाली. नंदनवनचा फॉर्म आणून ठेवला होता, भरला नव्हता. गेल्या आठवड्यात मॅडमचा फोन आला. "ताई, आठ झालेत. तुमची धरून नऊ."

काल बहिणीकडे गेलो तर टीव्हीवर भाचीच्या आधार कार्डाच्या दोन झेरॉक्स ठेवलेल्या होत्या. जावई काही बोलले नाहीत, चहा घेतला आणि सेकंड शिफ्टला निघून गेले.