टेक्स्चर काढून सपाट केलेल्या भिंती आणि छत: काही महिने राहून पाहिल्यावर

हॉलच्या छताचा बशीएवढा पोपडा मध्यंतरी थेट सोफ्यावर येऊन पडला, म्हणून हे लिहायला बसले. काम संपलं तेव्हाच लिहिलं असतं तर नुसतं कौतुक झालं असतं. रंगाचा वास ताजा असेपर्यंत सगळेच ठेकेदार चांगले वाटतात.

आमच्या भिंतींवर रोलरने उठवलेलं जाड, खडबडीत टेक्स्चर, छताला दाणेदार, आणि दोन्हींवर आधीच्या मालकांनी चढवलेले रंगाचे थर. धूळ धरतं, पुसता येत नाही, खांदा घासला तर सालटं निघतं. ज्यांच्या घरी आहे त्यांना जास्त सांगायला नको.

ते सपाट करून घ्यायला तिघा ठेकेदारांना बोलावलं. पहिल्याने दारातूनच मान वर करून चौरस फुटाचा दर सांगितला. ‘दोन हात पुट्टी मारू, एकदम काच.’ पुट्टीच्या पोत्यांवर दोन हातांची मिळून जाडी साधारण दीड मिलिमीटरपर्यंत ठेवा असं छापलेलं असतं. माझ्या भिंतीवरचे उंचवटेच तीनेक मिलिमीटरचे. मग खड्डे बुजणार कसे, असं विचारलं तर म्हणे, ‘रंग लागला की काही दिसत नाही.’ हे वाक्य ज्याच्या तोंडून येईल त्याचा नंबर मी सेव्ह करत नाही. दुसरा म्हणाला, सगळं फोडून नव्याने प्लास्टर करा. त्याचा आकडा ऐकून मी त्याला जिन्यापर्यंत सोडून आले.

तिसऱ्याने खिशातून बॅटरी काढली आणि भिंतीला टेकवून आडवा उजेड टाकला. समोरून ठीकठाक दिसणारी भिंत नांगरलेल्या शेतासारखी दिसायला लागली. मग कोपऱ्यात पाणी फवारलं. पाणी जिरलं तर टेक्स्चर भिजवून खरवडता येतं. ओघळलं तर वर रंगाचं कवच आहे, ते आधी पॉलिश पेपरने घासून त्याची चमक मारायची, मगच वरचा थर धरतो. आमच्याकडे ओघळलं. त्याने सांगितलेलं काम असं: उंचवटे खरवडायचे, घासायचं, वरचा थर धरून ठेवणारा बाँडिंगचा हात, जिप्समचा थर पट्टी लावून, त्यावर पुट्टी, शेवटी प्रायमर. पहिल्यापेक्षा दर बराच वर होता आणि तो मला टोचला. तरी काम त्याला दिलं, कारण तिघांत बॅटरी फक्त त्याच्याकडे होती.

जुन्या घरांतल्या दाणेदार छताबद्दल एक गोष्ट मात्र त्यानेही आपणहून काढली नाही, मलाच विचारावी लागली. अशा छतात ॲस्बेस्टॉस असू शकतो, म्हणजे धुळीबरोबर श्वासात गेले तर फुप्फुसांना घातक असलेले खनिज तंतू. अमेरिकेत ॲस्बेस्टॉसच्या फवारायच्या लेपांवर १९७८ मध्ये बंदी आली, पण आधीची छतं तशीच राहिली. तेवढं जुनं छत असेल तर नमुना प्रयोगशाळेत तपासून येईपर्यंत खरवडणी लावू देऊ नका. आमचं टेक्स्चर अलीकडचं, म्हणून तो प्रश्न आला नाही.

घासकामाला धूळ ओढणारं मशीन होतं, त्याचे पैसे वेगळे. मी कुरकुर केली, पण मशीन चालू असताना शेजारच्या खोलीत बसता येत होतं. कोपरे हाताने घासले त्या दिवशी कपाटाच्या आतल्या घड्यांवरसुद्धा पांढरं बसलं. मशीनचे पैसे वसूल, एवढं पुरे.

आता खिडकीला लागून असलेली भिंत. बाकी सगळं घर एकीकडे आणि ती भिंत एकीकडे. संध्याकाळी उजेड तिच्यावरून घसरत जातो आणि मधोमध, डोळ्यांच्या उंचीवर, हातभर लांबीची एक लाट दिसते. घरातल्या कोणालाच दिसत नाही. पाहुण्यांना दाखवावी लागते, आणि दाखवल्यावरही ते ‘हं’ म्हणतात. मी त्यावर सरळ पट्टी धरून पाहिली. मधे पोस्टकार्ड सरकेल एवढी फट. जिप्सम बोर्डच्या, म्हणजे जिप्समच्या तयार पाट्या जोडून केलेल्या भिंतींच्या, कामात फिनिशच्या ० ते ५ अशा पातळ्या मानतात. पाचवी म्हणजे सांध्यांवरच न थांबता सबंध पृष्ठभागावर पातळ लेप. चमकदार रंग असेल किंवा उजेड तिरका पडत असेल तिथे तीच घ्यावी असं सांगतात. खिडकीकडच्या भिंतीला हा नियम लावा, असं मी कामाच्या आधी म्हटलं होतं. मिस्त्रींनी मान डोलावली आणि सगळ्या भिंतींना सारखाच हात मारला. मॅट रंगामुळे लाट जराशी दबली, एवढंच. याचा एक गुण मी तेव्हाच कापला होता.

मग छत. पोपडा पडला तेव्हा फोन केला. ‘ताई, वरून ओल आली असणार.’ वर कोणाचं बाथरूम नाही, डाग नाही, हात लावला तर कोरडं. पोपडा उलटा करून पाहिला: मागची बाजू गुळगुळीत, जुन्या रंगाची पिवळट चमक जशीच्या तशी उमटलेली. ओलीने सुटलं असतं तर मागे भुगा, निदान क्षार तरी दिसले असते. इथे खालची चमक मारलीच नव्हती, त्यामुळे थर नुसता टेकून बसला होता. फोटो पाठवला. निळ्या खुणा आल्या, उत्तर नाही. मग ‘उद्या येतो’. त्यानंतर उद्या बरेच झाले. पाचपैकी दोन तारे आणि बॅटरी म्हणजे नुसतं गिऱ्हाईक पटवायचं नाटक, असा शेवट मी लिहूनही ठेवला होता.

तो शेवट खोडावा लागतोय, कारण काल तो आला. स्वतः आला, पोरं पाठवली नाहीत. शिडीवर चढून खरवडायच्या पत्र्याच्या मुठीने सगळं छत ठोकत गेला. जिथे भरीव टणक आवाज यायचा तिथे पुढे, जिथे बद्द वाजायचं तिथे पेन्सिलने गोल. पोपड्याच्या आसपास दोन-तीन गोल होतील असं मला वाटलं होतं. पंख्याच्या पलीकडे, जिथे मला कधी शंकाही आली नव्हती, तिथेही त्याने एक मोठा गोल काढला आणि न विचारता पत्रा घालून उचकटला. मागे तीच पिवळट चमक. खाली उतरून म्हणाला, ‘इथे घासलेलंच नाही. ओल नाही, आमच्या पोरांचं काम आहे.’ आधी फोनवर ओल सांगणारा हाच माणूस.

सगळे गोल उचकटून, घासून, बाँडिंग देऊन पुन्हा भरायचं ठरलं. मजुरी त्याची. सामानावरून घासाघीस झाली. कागदावर ‘एक वर्ष गॅरंटी’ एवढंच होतं, कशाची ते नव्हतं. तुम्ही करून घेणार असाल तर मजुरी, सामान आणि रंग हे तीन शब्द तिथे वेगवेगळे लिहून घ्या. अखेर सामान अर्धं अर्धं.

रंगावर मात्र गाडी अडली आहे. छतावर ठिगळापुरता रंग लावला की ठिगळ दिसतंच, म्हणून सबंध छताला एक हात द्यावा लागणार. तो म्हणतो, रंग गॅरंटीत येत नाही. मी म्हणते, छत नीट धरलं असतं तर रंगाचा प्रश्नच नव्हता.

सध्या पाचपैकी साडेतीन. बेडरूमचं टेक्स्चर अजून बाकी आहे आणि ते काम त्यालाच द्यायचं माझ्या मनात आहे, हे त्यालाही कळलंय. आधी हॉलच्या छताला रंग, मग बेडरूमचा ॲडव्हान्स, असं सांगून ठेवलंय. यावेळी घासून झालं की पुढचा हात मारायच्या आधी मला बोलवायचं, आणि बॅटरी माझ्या हातात द्यायची.