म्हापशाहून आणलेला क्लॅम्प मीटर

चवथीला घर पाहुण्यांनी भरणार आणि गिझरचं पाणी जेमतेम कोमट. दुरुस्तीवाला म्हणाला, कॉइल गेली, बदला. मी म्हटलं, आधी मोजून तर बघू. म्हापशाच्या बाजारातून १,२०० रुपयांचा क्लॅम्प मीटर, म्हणजे वायरीभोवती जबडा लावून वीजप्रवाह मोजणारं यंत्र, आणला.

डिचोलीत आमच्याकडे संध्याकाळी सातला आकडे आले: ७.४ अँपिअर, आणि विजेचा दाब फक्त १९५ व्होल्ट. भागाकार केला, रोध सुमारे २६.४ ओहम. गिझरवर छापलंय २३० व्होल्टला २,००० वॅट. त्या हिशोबानेही २६.४५च येतो. कॉइल ठणठणीत! गुणाकार मात्र १,४४३ वॅटचा. दाब १५ टक्के पडला की शक्ती वर्गाने, म्हणजे २८ टक्के घटते. पाणी तापणार कसं?

मीटरचा जबडा एकाच वायरीभोवती लावायचा, दोन्ही धरल्या तर शून्य दिसतं. ते काम इलेक्ट्रिशियन भाच्याकडून करून घेतलं, उघड्या बोर्डात स्वतः हात घालू नका. पंख्याला, पंपाला हा साधा गुणाकार पुरत नाही, तिथे पॉवर फॅक्टर (गुणाकारातला किती भाग खरी शक्ती, ते प्रमाण) आडवा येतो.

मीटरच्या पडद्याला दिवा नाही, न्हाणीत टॉर्च धरावा लागतो. त्यासाठी रेटिंगमधला अर्धा स्टार कापला.