लिंक छोटी करायची, पण कुणाच्या भरवशावर? काही महिन्यांच्या वापरानंतर

फुकटचा लिंक शॉर्टनर सोडण्याचं कारण एकच: मधलं पान. लिंक दाबली की लेख उघडण्याआधी त्या सेवेचं स्वतःचं पान येतं, त्यावर जाहिरात, आणि 'पुढे जा'चं बटण मोबाईलवर खाली सरकवल्याशिवाय दिसतच नाही. नव्या लिंकांना ही अट लावली असती तर एक वेळ चाललं असतं. पण आधी वाटून झालेल्या सगळ्या लिंकांवरही हे पान चढलं. सपोर्टला लिहिलं, तर उत्तर आलं की पैसे भरण्याच्या प्लॅनमध्ये पान निघेल. आपल्याच लिंका सोडवून घ्यायला दर महिन्याला भाडं भरायचं, हे मला मान्य नाही.

या पानाने वेळ जातो तो जातोच, खरं नुकसान व्हॉट्सअॅपवर होतं. साधी छोटी लिंक फक्त रीडायरेक्ट करते, म्हणजे मूळ पत्त्याकडे वळवते. त्यामुळे प्रीव्ह्यू बनवणारा प्रोग्राम थेट लेखापर्यंत पोचतो आणि लेखाचं शीर्षक आणि फोटो उचलतो. मधलं पान मात्र स्वतःच एक पूर्ण पान असतं, म्हणून प्रीव्ह्यूत त्याचाच लोगो आणि त्याचंच शीर्षक येतं. लेख संत्रा बर्फीवर, आणि ग्रुपवर दिसतो अनोळखी कंपनीचा लोगो. सध्या फसवणुकीच्या लिंका इतक्या फिरतात की अशी लिंक कुणी दाबत नाही, आणि न दाबणाऱ्याचं बरोबरच आहे.

आता मुळात लिंक छोटी करावी का लागते, ते पाहू. देवनागरीतली लिंक अॅड्रेस बारमध्ये छान मराठीत दिसते, पण कॉपी करून पेस्ट केली की टक्क्यांच्या चिन्हांची माळ होते. देवनागरीचं एक अक्षरचिन्ह यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे संगणकाच्या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत, तीन बाइट घेतं, आणि लिंकमध्ये प्रत्येक बाइटची तीन अक्षरं होतात. म्हणजे एका चिन्हाला नऊ. काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त हे सगळे वेगळे मोजायचे. 'संत्रा-बर्फी' यात अशी ११ चिन्हं आणि एक आडवी रेघ, म्हणजे बरोबर १०० अक्षरं. एका मिठाईच्या नावाला शंभर.

वर्डप्रेसमध्ये यापुढची एक खोच आहे. तिथे लेखाच्या स्लगला, म्हणजे लिंकच्या शेवटच्या तुकड्याला, २०० अक्षरांची मर्यादा आहे, आणि ती एन्कोड झाल्यानंतर मोजली जाते. 'पिवळी मारबत आणि काळी मारबत' हे शीर्षक घ्या. २२ चिन्हांचे १९८ आणि चार रेघा, झाले २०२. शेवटचा 'त' मावत नाही, आणि लिंक 'काळी-मारब' वर तुटते. लेख उघडतो, त्यामुळे कित्येकांच्या हे लक्षातही येत नाही. ब्लॉगरमध्ये उलटा प्रकार: निव्वळ मराठी शीर्षक दिलं की लिंकमधून ते गायबच होतं आणि नुसतं 'ब्लॉग-पोस्ट' आणि पुढे एखादा आकडा एवढंच उरतं.

दोन्हीकडे उपाय तोच. लेख प्रकाशित करण्याआधी स्लग रोमन अक्षरांत, तीन-चार शब्दांत हाताने लिहायचा. ब्लॉगरमध्ये त्यासाठी पोस्टच्या सेटिंगमध्ये कस्टम पर्मालिंक, म्हणजे लिंक स्वतः लिहायची सोय आहे. एकदा प्रकाशित झालं की ती सरळ बदलता येत नाही, त्यामुळे आधीच करा. एवढं केलं की शॉर्टनरची निम्मी गरज संपते. जुन्या लेखांसाठी वर्डप्रेसची आपली छोटी लिंक तयारच असते: डोमेन, पुढे प्रश्नचिन्ह, 'पी', बरोबरचं चिन्ह आणि लेखाचा क्रमांक. क्रमांक एडिटर उघडल्यावर अॅड्रेस बारमध्ये दिसतो. ही लिंक मूळ लेखावर नेते, प्रीव्ह्यू नीट येतो, पुढे स्लग बदलला तरी चालते, आणि एक रुपया लागत नाही. एक्सवर तर लिंक छोटी करण्यात काही अर्थच नाही. तिथे लिंक कितीही लांब असो, २८० पैकी २३ अक्षरंच धरतात.

म्हणून स्वतःच्या डोमेनवर युअर्ल्स, म्हणजे स्वतःचा शॉर्टनर चालवायचा प्रोग्राम, बसवणं सुरुवातीला उगाचचा व्याप वाटला होता. क्यूआर कोड छापायची वेळ आली तेव्हा मत बदललं. २६ अक्षरांपर्यंतची लिंक मध्यम दुरुस्ती पातळीवर (थोडा कोड खराब झाला तरी वाचता यावा म्हणून ही पातळी असते) २५ बाय २५ चौकोनांत बसते. मारबतीच्या लेखाची मूळ लिंक, डोमेन धरून, ६१ बाय ६१ वर जाते. नागपूरच्या सीताबर्डी बाजाराच्या गर्दीत हातात पडलेल्या छोट्या पत्रकावर हे बारीक चौकोन साध्या कॅमेऱ्याला धड वाचता येत नाहीत, त्यात स्वस्त छपाईत शाई पसरली की संपलंच.

युअर्ल्स फुकट आहे, पीएचपी आणि मायएसक्यूएल असलेल्या साध्या शेअर्ड होस्टिंगवर चालतं. डेटाबेस बनवायचा, नमुना कॉन्फिग फाइलची प्रत 'कॉन्फिग' नावाने ठेवून त्यात डेटाबेसचे तपशील, साइटचा पत्ता आणि पासवर्ड भरायचा, मग अॅडमिनचं पान उघडून इन्स्टॉल दाबायचं. कॉन्फिग फाइलमधल्या दोन ओळी जपा. 'प्रायव्हेट' चालूच राहू द्या, नाहीतर कुणीही तुमच्या डोमेनवर स्पॅमच्या लिंका बनवेल आणि डोमेन काळ्या यादीत जाईल. आणि 'युनिक यूआरएल्स' बंद करा, तरच एकाच लेखाला व्हॉट्सअॅपसाठी एक आणि फेसबुकसाठी दुसरी अशा वेगळ्या लिंका देता येतात आणि क्लिक वेगळे मोजता येतात. लिंकमध्ये आडवी रेघ हवी असेल तर त्याचं प्लगइन सोबतच येतं, फक्त सुरू करावं लागतं. छोटी आणि मोठी अक्षरं मिसळणारा पर्याय घेऊ नका. फोनवर लिंक सांगताना किंवा कागदावरून टाइप करताना मोठा 'आय' आणि छोटा 'एल' यांत हमखास घोळ होतो.

खटकलेली गोष्ट एक. युअर्ल्सचा रीडायरेक्ट मुळात ३०१ म्हणजे कायमचा असतो, आणि तो ब्राउझर लक्षात ठेवू शकतो. पुढे त्या लिंकचं ठिकाण बदललं तरी काहींना जुनंच पान उघडतं. छापील क्यूआरसाठी तो ३०२ म्हणजे तात्पुरता करणारं प्लगइन घालणं बरं. क्लिकच्या आकड्यावरही फार भिस्त ठेवू नका. फेसबुकवर लिंक टाकताच त्यांचा क्रॉलर, म्हणजे पानं वाचणारा प्रोग्राम, येऊन जातो आणि तोही मोजला जातो. व्हॉट्सअॅपचा प्रीव्ह्यू पाठवणाऱ्याच्या फोनवर तयार होतो, त्यामुळे लिंक पेस्ट केल्यावर फोटो दिसेपर्यंत थांबून मग पाठवा.

खर्च काय, तर डोमेनचा. पहिल्या वर्षाची सवलत पाहून घेऊ नका, नूतनीकरणाचा दर पाहा. वेगळं डोमेन नकोच असेल तर ब्लॉगच्याच डोमेनचं छोट्या नावाचं सबडोमेन चालतं, त्याला जादा पैसे नाहीत. मोठ्या नावावर विसंबायचं तर गुगलचंच पाहा: २००९ मध्ये आलेल्या त्यांच्या शॉर्टनरने २०१९ मध्ये नव्या लिंका देणं थांबवलं आणि २५ ऑगस्ट २०२५ पासून वापरात नसलेल्या जुन्या लिंकाही बंद केल्या. डोमेनच्या नूतनीकरणाची तारीख ऑटो-रिन्यूवर न सोडता कॅलेंडरमध्ये महिनाभर आधीच टाकून ठेवा, कारण कार्ड बदललं की ऑटो-रिन्यूचे पैसे कटत नाहीत, आणि डोमेन गेलं तर छापलेला प्रत्येक क्यूआर त्याच्यासोबत जातो.