फॅलमथचं सागरी संग्रहालय: भरती-ओहोटी बघून दिवस ठरवा

इंग्लंडच्या कॉर्नवॉलमधलं हे राष्ट्रीय सागरी संग्रहालय २००३ मध्ये उघडलं. भर छोट्या होड्यांवर आहे. मुख्य दालनात त्या वर टांगलेल्या असल्यामुळे एरवी पाण्याखाली राहणारा बुडाचा आकार खालून नीट दिसतो. अवाढव्य लढाऊ जहाज बघायचं असेल तर हे ठिकाण नव्हे.

जास्तीत जास्त वेळ रिमोटच्या शिडाच्या होड्यांच्या हौदासाठी ठेवा. वारा पंख्याचा, नियम समुद्राचेच. बहुतेक जण होडी थेट वाऱ्याच्या तोंडावर नेतात. शीड फडफडतं आणि होडी जागीच थांबते. वाऱ्याच्या दोन्ही अंगांना साधारण ४५ अंशांच्या आत शिडाची होडी जातच नाही, तिकडे नागमोडीच जावं लागतं. थांबलेल्या होडीचं सुकाणू कितीही फिरवा, पात्यावरून पाणी वाहिल्याशिवाय ते लागू होत नाही. होडी मागे सरकत असेल तर उलटंच वळतं. अशा वेळी शीड सैल सोडा, नाळ (होडीचं पुढचं टोक) वाऱ्यापासून बाजूला पडू द्या, मग शीड हळूहळू ओढा. फडफड जिथे थांबते तिथेच हात थांबवा. त्यापुढे ओढलं की होडी कलते जास्त, चालते कमी. (तरीही रिमोटलाच दोष देणारे असतातच.)

संग्रहालयाच्या मनोऱ्याच्या तळाशी काचेतून बंदराचं पाणी दिसतं. फॅलमथला उधाणाची भरती पहाटे आणि संध्याकाळी पाच-सहाच्या सुमारास येते, उन्हाळ्यात घड्याळ पुढे केलेलं असल्यामुळे तासभर उशिरा. म्हणजे पुनवे-अवसेनंतरच्या एक-दोन दिवसांत भरदुपारी ओहोटी. भांगाला (अष्टमीच्या आसपासच्या छोट्या भरती-ओहोटीला) दुपारी भरती मिळते, पण चढउतार निम्माच. उधाणाला तो साडेचार मीटरच्या वर जातो. म्हणून उधाणालाच जा. ओहोटीच्या वेळी काच बघा, आणि चार तासांनी पुन्हा या: तिसऱ्या-चौथ्या तासात पाणी सगळ्यात वेगाने चढतं, निम्मी भरती त्या दोन तासांतच होते.

मग मनोऱ्यावर चढा. खाली दिसतं त्याच बंदरातून १४ जून १९६८ ला ब्रिटिश दर्यावर्दी रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन निघाले आणि ३१२ दिवसांनी, एकट्याने, कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करून इथेच परतले. त्यांची ३२ फुटी होडी ‘सुहेली’ सागवानी होती, मुंबईत बांधलेली.